माळ्यावरच्या स्पूलमधला आवाज

स्पूलचा टेपरेकॉर्डर म्हणजे एकेकाळी दिवाणखान्याची शान. आज तो जुन्या बाजारात नाही तर हॉटेलच्या शोकेसमध्ये दिसतो. पण ज्यांच्या घरी जुनी स्पूल पडून आहेत, त्यांच्यासाठी हे यंत्र शोभेची वस्तू नाही. हरवत चाललेल्या आवाजांची ती किल्ली आहे.

बंगळुरूच्या शिवाजीनगरात शिरायचे तर गर्दीची सवय हवी. एकीकडे १९२७ साली बांधलेले रसेल मार्केट, जवळच सेंट मेरी चर्चचा उंच मनोरा, फुले, मासळी आणि कबाब यांचे एकमेकांत मिसळलेले वास आणि कन्नड, तमीळ, दखनी अशा तीन-तीन भाषांत चाललेली घासाघीस. मराठी माणसाचे कान इथे चटकन टवकारतात. कारण दखनी बोलणारा दुकानदार 'नक्को' म्हणतो आणि एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर आपल्यासारखाच शेवटी 'च' लावतो.

याच वस्तीच्या गल्ल्यांत 'गुजरी' आहे. गुजरी म्हणजे जुना बाजार. मोडीत निघालेल्या मोटारींचे सुटे भाग ही त्याची खरी ओळख. पण पुण्याचा जुना बाजार काय, मुंबईचा चोरबाजार काय किंवा बंगळुरूची गुजरी काय, अशा ठिकाणी कधी काय हाती लागेल याचा नेम नसतो. जुन्या पंख्यांच्या आणि रेडिओंच्या ढिगात एखाद्या दिवशी धुळीने माखलेली, वर दोन मोठी चाके असलेली जड पेटी दिसते. एखादे ग्रुंडिग, एखादे फिलिप्स किंवा आकाई.

अशा पेटीला गिऱ्हाईके दोन प्रकारची. पहिल्याला ती हॉटेलात किंवा घराच्या कोपऱ्यात 'जुना काळ' म्हणून मांडायची असते. ती चालते की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दुसरे गिऱ्हाईक मात्र पहिला प्रश्न विचारते, "चालते का?" कारण त्याच्या घरी माळ्यावर, पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्यात चार-दोन स्पूल पडून असतात. त्यांत आजोबांचे कीर्तन असेल, वडिलांनी कुणाच्या तरी घरच्या मैफलीत टिपलेला मारवा असेल किंवा फक्त आईचे बोलणे असेल. पेटी चालली तर ते ऐकू येणार, नाही तर ते स्पूल म्हणजे नुसती तपकिरी फीत.

हा लेख त्या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आहे.

बंगळुरूत हे यंत्र आले कसे?

मराठी माणसाचा आणि बंगळुरूचा संबंध जुना आहे. १६३८ साली हे शहर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. बाल शिवबाचा काही काळ इथे गेला. पुढे ब्रिटिशांच्या छावणीत ब्लॅकपल्ली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीला शिवाजीनगर हे नाव मिळाले, त्यामागे हीच आठवण आहे.

नंतरच्या काळात मराठी कुटुंबे इथे आली ती नोकरीच्या निमित्ताने. १९४० साली विमानांचा कारखाना निघाला, १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स. या कारखान्यांतला तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी परदेशी गेला तर येताना काय आणायचे, हे घरात आधीच ठरलेले असे: आईसाठी एखादी शाल, मुलांसाठी चॉकलेट आणि स्वतःसाठी टेपरेकॉर्डर. मुंबई-पुण्यात एडनहून, पूर्व आफ्रिकेतून किंवा विलायतेहून परतणाऱ्यांचेही तेच. आयातीवर कडक बंधने होती, जकात भरमसाट होती. त्यामुळे ज्याच्या घरी हे यंत्र असे, त्याच्या घरी सगळी आळी जमत असे. गणेशोत्सवातली व्याख्याने, घरगुती गाणी, मुंज, बारसे, सगळीकडे 'त्यांचा टेपरेकॉर्डर' बोलावला जाई.

चमत्कार साधाच, पण केवढा

या यंत्राची करामत समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. प्लॅस्टिकच्या पाव इंच रुंद फितीवर लोहाच्या भस्माचा, म्हणजे आयर्न ऑक्साइडचा, पातळ थर दिलेला असतो. डाव्या चाकावरची फीत उजव्या चाकावर गुंडाळली जाताना मधल्या 'हेड'वरून घासत जाते. आवाजाचे विजेत आणि विजेचे चुंबकत्वात रूपांतर होऊन त्या लोहकणांवर आवाज उमटतो. परत वाजवताना हीच क्रिया उलटी घडते. फीत ठराविक वेगाने ओढण्याचे काम एक बारीक फिरता दांडा आणि त्याला चिकटून असलेला रबरी रोलर करतात.

या कल्पनेचा जनक फ्रित्झ फ्लॉयमर हा ड्रेस्डेनचा इंजिनीअर. सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टी चिकटवण्याची युक्ती त्याने शोधली होती. सोनेरी भुकटीऐवजी लोखंडाची भुकटी लावली तर? या विचारातून १९२८ साली त्याने आवाज साठवणारी कागदी फीत बनवली. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात जर्मनांनी 'मॅग्नेटोफोन' जगापुढे मांडला. महायुद्ध संपल्यावर जॅक मुलिन नावाच्या अमेरिकन लष्करी तंत्रज्ञाने अशी दोन यंत्रे सुटी करून मायदेशी पाठवली. त्यांची करामत पाहून गायक बिंग क्रॉस्बी इतका खूश झाला, की तो आपले रेडिओ कार्यक्रम टेपवर ध्वनिमुद्रित करू लागला. १९४८ साली अँपेक्स कंपनीचे यंत्र बाजारात आले आणि जगभरच्या रेडिओ केंद्रांचा कारभारच बदलला.

१९६३ साली फिलिप्सने छोटी कॅसेट आणली. ती स्वस्त होती, खिशात मावत होती. हळूहळू स्पूल दिवाणखान्यातून माळ्यावर गेले.

तीन मिनिटांचे गाणे, बत्तीस मिनिटांचा ख्याल

आपल्या संगीतावर या यंत्राचे उपकार किती, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करू. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. अर्धा-पाऊण तास रंगणारा ख्याल गायकाला तेवढ्यात गुंडाळावा लागे. सात इंची स्पूलवर १२०० फूट फीत असते. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती एका बाजूला ३२ मिनिटे चालते. वेग निम्मा केला तर ६४ मिनिटे. पातळ, १८०० फुटी फीत असेल तर साडेसात इंचांच्या वेगालाही ४८ मिनिटे मिळतात. म्हणजे विलंबित, द्रुत आणि मधली 'वाहवा' यांसह सगळी मैफल.

केसरबाई केरकर यांचे उदाहरण बोलके आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात सोनेरी तबकडी पाठवली. तीत भारताचे प्रतिनिधित्व करणारी भैरवी केसरबाईंची आहे. पण ती जेमतेम साडेतीन मिनिटांची. केसरबाईंना ध्वनिमुद्रणाचे फारसे प्रेम नव्हते. त्यांची मैफल प्रत्यक्षात कशी उलगडत जाई, हे आजच्या पिढीला कळते ते मुख्यतः तेव्हाच्या रसिकांनी जपलेल्या खासगी टेपांमुळे.

आकाशवाणीचेही तसेच. बंगळुरूसारखेच पुण्यातही शिवाजीनगर आहे आणि पुणे आकाशवाणीचे केंद्र तिथेच आहे. १९५३ साली सुरू झालेल्या या केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीला 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत वर्षभर दर आठवड्याला घराघरांत पोहोचत होते. लोक रेडिओला हार घालून ऐकत, असे त्या काळचे सांगतात. पण एकदा ऐकलेले पुन्हा ऐकायचे तर पुनःप्रसारणाची वाट पाहावी लागे. ज्याच्या घरी टेपरेकॉर्डर, त्यालाच ते हवे तेव्हा ऐकता येई.

नामवंतांच्या टेपा जपायला निदान संस्था तरी आहेत. मुंबईच्या 'राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रा'त, म्हणजे एनसीपीएमध्ये, ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह आहे. १९८२ साली पुण्यात स्थापन झालेले आणि नंतर दिल्लीजवळ गेलेले संगीत-अभ्यासकांचे 'अर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' हेच काम करते. पण तुमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, काकांनी मुंजीत केलेली थट्टा यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. ती आहे फक्त तुमच्या माळ्यावर.

घाई कशाची?

"इतकी वर्षे राहिले, अजून राहील," असे वाटणे साहजिक आहे. पण २०१९ साली युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून जगाला एक इशारा दिला. २०२५ च्या सुमारास चुंबकीय फितींवरचा मजकूर वाजवणे बहुतेक ठिकाणी अशक्य होऊन बसेल, असे तज्ज्ञांचे मत त्यात मांडले होते. ते वर्षही आता आले आणि गेले. काही भाग्यवान घरांत अजून फीत शाबूत आहे आणि यंत्रही मिळू शकते. पण ही सवलत कायमची नाही.

एक स्पूल ऐकायचे तर तीन गोष्टी एकाच वेळी शाबूत असाव्या लागतात. पहिली फीत, दुसरी यंत्र आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो आवाज ओळखणारे माणूस. तिघांचेही वय होत चालले आहे.

फितीचे आजार दोन-तीन प्रकारचे असतात. पन्नास-साठच्या दशकातल्या पुष्कळ फिती अॅसिटेटच्या आहेत. त्या म्हाताऱ्या झाल्या की व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, फीत आक्रसते आणि काडीसारखी तुटते. सत्तरीच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंतच्या काही नामवंत कंपन्यांच्या फितींचा रोग निराळाच. लोहकण धरून ठेवणारा डिंक हवेतली आर्द्रता शोषून चिकट होतो. अशी फीत वाजवताना किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि हेडवर तपकिरी चिकटा साचतो. तिसरा शत्रू बुरशी. बंगळुरूची कोरडी हवा त्या मानाने बरी, पण कोकणात आणि मुंबईत चार महिन्यांच्या पावसात तिचे राज्य असते.

यंत्र घेताना काय पाहाल?

समजा, गुजरीत, जुन्या बाजारात किंवा एखाद्या नातेवाइकाच्या अडगळीत यंत्र सापडले. हुरळून जाऊन लगेच विजेला जोडू नका. आधी पुढील गोष्टी तपासा.

वीज: जपानमधल्या घरगुती वापरासाठी बनलेले यंत्र १०० व्होल्टचे असते, अमेरिकेचे १२० च्या आसपासचे. आपल्याकडे २३० व्होल्ट. थेट जोडले तर धूर निघालाच समजा. मागच्या बाजूला व्होल्टेज बदलण्याची कळ आहे का, ते पाहावे. नसल्यास ट्रान्सफॉर्मर लागेल. पण ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलते, विजेची ५० किंवा ६० हर्ट्झ ही गती बदलत नाही. काही यंत्रांच्या मोटारीचा वेग या गतीवर अवलंबून असतो. ६० हर्ट्झची अशी मोटार आपल्याकडे सहा हिश्शांपैकी एक हिस्सा हळू फिरते आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज पुरुषी वाटू लागतो. त्यासाठी मोटारीची पुली बदलावी लागते. जर्मन आणि डच यंत्रांना ही अडचण सहसा येत नाही, कारण त्यांच्याकडेही ५० हर्ट्झच आहेत.

पहिला करंट: वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्रातले कपॅसिटर निकामी झालेले असू शकतात. जाणता मेकॅनिक आधी सिरीज बल्ब लावून यंत्र सुरू करतो. बल्ब झगझगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. हे काम स्वतः करण्याच्या भानगडीत पडू नये. विशेषतः व्हॉल्व्हच्या जुन्या यंत्रात बंद केल्यावरही जिवावर बेतेल इतकी वीज शिल्लक असू शकते.

रबर: रोलर दगडासारखा टणक झालेला असतो, नाही तर डांबरासारखा चिकट. बेल्टचेही तेच. याला घाबरू नका. रोलरवर नवे रबर चढवून मिळते, मापाचा बेल्टही शोधला तर सापडतो. बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी लोक सिटी मार्केटजवळच्या सदर पत्रप्पा रोडकडे, म्हणजे एस. पी. रोडकडे, धाव घेतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड तर प्रसिद्धच आहे.

हेड: हेडवरून हलकेच नख फिरवावे. खोल खाच लागली तर हेड झिजले आहे आणि ते बदलणे महागात पडते. आकाईच्या 'जीएक्स' मालिकेतली काचेत बसवलेली फेराइट हेड वर्षानुवर्षे झिजत नाहीत, म्हणून शौकीन ती शोधत असतात.

वजन आणि जागा: हा मुद्दा गृहिणींचा आणि रास्त आहे. स्विस बनावटीच्या रीवॉक्स बी-७७ चे वजन १७ किलो आहे. हे यंत्र रोज उचलून ठेवता येत नाही. म्हणून विकत घेण्याआधी ते कुठे राहणार, हे घरात बोलून ठरवावे. नाही तर पेटी पुन्हा माळ्यावर जाते आणि खर्च वाया.

आणि शेवटचा सल्ला: घरी दोन-चारच स्पूल असतील तर यंत्र विकत घेण्याचा हट्टच नको. चालू यंत्र असलेला शौकीन किंवा ध्वनिमुद्रणाचे काम करणारा तंत्रज्ञ गाठावा. यंत्र घ्यावे ते ज्यांना ते वापरायचे आहे त्यांनी.

पहिल्यांदा वाजवताना

खोके उघडल्यावर आधी वास घ्या आणि नीट पाहा. आंबूस वास आला किंवा पांढरी भुकटी दिसली, तर फीत यंत्रावर चढवू नका. बुरशीची भुकटी श्वासातून जाणेही बरे नव्हे, तोंडाला फडके बांधा. स्पूल उजेडासमोर धरा. फितीच्या थरांतून उजेड आरपार दिसला तर ती बहुधा अॅसिटेटची. दिसला नाही तर पॉलिएस्टरची.

चिकट झालेली पॉलिएस्टर फीत तज्ज्ञ मंडळी ५० ते ५५ अंशांच्या स्थिर उष्णतेत काही तास ठेवून थोड्या दिवसांपुरती वाजवण्याजोगी करतात. ऐकून नवल वाटेल, पण हा खरोखरीचा उपाय आहे. मात्र तो स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये करून पाहू नये. अॅसिटेटच्या फितीला तर ही ऊब चालतच नाही, तिचा नाशच होतो.

प्रत्येक वेळी वाजवण्याआधी हेड आणि फितीच्या वाटेवरचे धातूचे भाग आयसोप्रोपाइल अल्कोहोलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत. आधी एखादी बिनमहत्त्वाची फीत लावून यंत्र फीत खात नाही ना, हे पाहावे. आईचा आवाज असलेले स्पूल पहिल्याच दिवशी चढवू नये. फीत फार वेगाने पुढे-मागे पळवू नये, जुने सांधे सुटतात. सुटलेला सांधा सेलोटेपने जोडू नये. त्याचा डिंक पसरून शेजारच्या थरांना चिकटतो. त्यासाठी खास चिकटपट्टी मिळते.

सर्वांत मोठी काळजी लाल बटणाची. कॅसेटच्या वरच्या कडेची टिकली मोडली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. स्पूलला असे काही संरक्षणच नाही. चुकून 'रेकॉर्ड' दाबले गेले की जुना आवाज पुसलाच. असल्या चुकीचा जगप्रसिद्ध किस्सा अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कार्यालयातला आहे. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या २० जून १९७२ च्या संभाषणाच्या टेपमधली साडेअठरा मिनिटे पुसलेली निघाली. फोन घेताना आपल्याकडून चुकून बटण दाबले गेले असावे, पण फार तर पाच मिनिटे, असे त्यांच्या सेक्रेटरीने सांगितले. बाकीच्या मिनिटांचे कोडे सुटलेच नाही. ज्या घरात लहान मुले आहेत, त्या घराने यातून धडा घ्यावा. शक्य असल्यास मेकॅनिककडून रेकॉर्डची जोडणीच तात्पुरती बंद करून घ्यावी.

एकदाच वाजवा, पण नीट उतरवून घ्या

जुनी फीत दर वेळी वाजवताना थोडी झिजते. म्हणून ती चालते आहे असे दिसले की पहिल्याच नीट वाजवणीत ती संगणकावर उतरवून घ्यावी. यंत्राच्या 'लाइन आउट'मधून आवाज संगणकाला द्यायचा, स्पीकरसमोर मोबाइल धरायचा नाही. ऑडॅसिटीसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पुरतो. चोवीस बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या प्रमाणाने वेव्ह फाइल करावी. तासाभराच्या स्टिरिओ टेपला साधारण दोन जीबी जागा लागते. आजच्या काळात ती काही फार नाही. फाइलच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असलेल्या भावंडाकडे ठेवावी. सळसळ, खरखर काढण्याचे प्रयोग प्रतीवर करावेत, मूळ फाइलला हात लावू नये.

टेपमध्ये एखाद्या कलाकाराची खासगी मैफल निघाली, तर त्यांच्या वारसांना विचारल्याशिवाय ती सार्वजनिक करू नये. तो आवाज आपल्या घरी असला तरी आपला नव्हे.

उतरवून झाले म्हणून स्पूल रद्दीत देऊ नये. ते शेवटपर्यंत वाजवून, उलटे न गुंडाळता तसेच ठेवावे. त्यामुळे फीत एकसारखी बसते आणि एका थराचा आवाज दुसऱ्यावर उमटून आधीच ऐकू येण्याचा दोषही कमी जाणवतो. खोक्यात घालून पुस्तकासारखे उभे ठेवावे. उन्हात, स्पीकरजवळ किंवा तापणाऱ्या पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. खोलीतले साधे कपाट माळ्यापेक्षा केव्हाही बरे.

मग आज ते वापरायचे कशाला?

सगळे संगणकावर उतरल्यावरही काही घरांत स्पूल फिरतच राहते. या शौकिनांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. मोबाइलवर गाणे लावायला बोट पुरते आणि बोटानेच ते अर्ध्यात सोडले जाते. स्पूल लावायचे तर उठावे लागते, फीत हाताने ओवावी लागते, रिकाम्या चाकाला दोन वेढे द्यावे लागतात. एवढे केल्यावर माणूस अर्धा तास जागचा हलत नाही. घरातले चार जण एकत्र बसून एकच गोष्ट ऐकतात. पूर्वी रेडिओभोवती बसत तसे.

शौक स्वस्त मात्र नाही. नव्या फिती आज परदेशातल्या मोजक्याच कारखान्यांत बनतात आणि भारतात येईपर्यंत एकेका स्पूलला काही हजार रुपये पडतात. दुरुस्ती जाणणारे जुने मेकॅनिकही थकत चालले आहेत. एखाद्या तरुणाने त्यांच्या हाताखाली बसून हे काम शिकून घेतले, तर त्याला कामाची वाण पडू नये.

तिसरी गोष्ट

फीत आणि यंत्र यांचा विचार झाला. तिसऱ्या गोष्टीला पैसे पडत नाहीत, पण तिलाच सगळ्यांत कमी वेळ उरला आहे. ती म्हणजे आवाज ओळखणारे माणूस.

पुष्कळ खोक्यांवर काहीच लिहिलेले नसते. किंवा नुसतेच 'दादरची मैफल', 'ताईचे बारसे', 'बाबा'. कोणते बाबा? कोणती ताई? टेपमध्ये मागे खोकणारे कोण, मध्येच 'चहा घ्या' म्हणणाऱ्या कोण, हे सांगू शकणारे माणूस घरात आज सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढे आहे. ते असेतोवर त्या टेपेत माणसे आहेत. ते गेल्यावर नुसते आवाज उरतील.

म्हणून टेप उतरवून घेण्याच्या दिवशी घरातल्या सर्वांत वडील माणसाला शेजारी बसवा. हातात वही-पेन्सिल असू द्या. पहिल्यांदा खरखर येईल. मग फीत वेग धरील. कदाचित पन्नास वर्षांपूर्वीचे कुणी तरी घसा साफ करून विचारील, "चालू झाले का हो?" तेव्हा यंत्राकडे पाहू नका. शेजारी बसलेल्या आईकडे किंवा आजोबांकडे पाहा आणि ते जे नाव घेतील, ते खोक्यावर लिहून ठेवा.